बसायचा सूर

लोकांना नोकरीवरून काढायचं काम मी एकोणीस वर्षं केलं. माझ्या कार्डावर अर्थातच तसं लिहिलेलं नव्हतं. कार्डावर एक लांबलचक पद होतं आणि शेवटी 'मनुष्यबळ' असा शब्द होता. पण ठाण्याच्या त्या काचेच्या इमारतीत, सातव्या मजल्यावरच्या छोट्या खोलीत मी कुणाला बोलावलं की त्याचे हातपाय गार पडायचे. मी त्या कामात चांगला होतो. आवाज चढवायचा नाही, पाण्याचा ग्लास आधीच भरून ठेवायचा आणि सुरुवात कौतुकाने करायची. आम्हाला तसं शिकवलंच होतं. आधी चांगलं बोला, मग वाईट सांगा, म्हणजे माणूस सैल पडतो आणि त्याला फारसं लागत नाही. हे शिकवणारा गृहस्थ समोरच्या खुर्चीत कधी बसलेला नव्हता.

शेहेचाळिसाव्या वर्षी मी ते सोडलं आणि पाळक झालो. आमचं घराणं मराठी ख्रिस्ती, लहानपणापासून मी चर्चमध्ये पियानो वाजवत आलेलो, आणि नोकरीत असतानाच सुट्टीच्या दिवसांत धर्मशिक्षण पुरं केलं होतं. शहापूरहून शेणव्याकडे जाणाऱ्या रस्त्याला पत्र्याच्या छपराचं एक छोटं प्रार्थनाघर होतं. तिथे बरीच वर्षं पाळक नव्हता. दहा-बारा ख्रिस्ती कुटुंबं, आणि आसपासच्या गावांतली अशी काही माणसं ज्यांच्या घरी स्वतःचे देव्हारे होते, पण रविवारी इथे येऊन बसायला त्यांना बरं वाटायचं. ती जागा मी मागून घेतली. ऑफिसातले लोक म्हणाले, केवढा हा त्याग! ते ऐकायला मला फार आवडायचं. त्याग वगैरे काही नव्हता. मला त्या खोलीत आणखी एक वर्ष बसवत नव्हतं, आणि माझं वाजवणं ऐकायला कुणीतरी हवं होतं.

पियानो मी मुंबईतल्या एका बंद पडलेल्या शाळेकडून घेतला आणि टेंपोत घालून आणला. उतरवायला गावातले सहा जण लागले. त्यातल्या एकाने झाकण उघडून आत डोकावून विचारलं, "सायेब, यात भात किती मावल?" सगळे हसले, मीही हसलो, पण मनातून मला झोंबलं होतं. इकडची हवा पियानोला मानवली नाही. पावसाळ्यात पट्ट्या फुगायच्या, एक दाबली की शेजारचीही खाली जाऊन बसायची. ऊब राहावी म्हणून मी त्याच्या पोटात एक बल्ब लावून ठेवला होता. वीज गेली की तोही जायचा. मुंबईहून सूर लावणारा माणूस एकदाच आला. त्याने पियानो उघडला, आतली पालीची अंडी बघितली, चहा घेतला आणि निघून गेला. मग मीच शिकलो.

मी कागद समोर ठेवून वाजवत नाही. त्या वेळी सुचेल ते वाजवतो. कुणी प्रार्थना करत असेल तर त्याच्या बोलण्याखालून सूर वाहता ठेवायचा, त्याचा आवाज कापला तर आपण हलकं व्हायचं, तो भरात आला तर आपणही वर चढायचं. यात माझा हात चांगला आहे. विनय दाखवत बसत नाही, आहे तो आहे. कुठल्या सुरावर बायका पदर डोळ्यांना लावतात ते मला नेमकं ठाऊक होतं, आणि तसं झाल्याशिवाय मला रविवार फुकट गेल्यासारखा वाटायचा. एकदा प्रवचनात मी म्हणालो, "बोटं माझी आहेत, पण ती कुठे वळतील ते मी ठरवत नाही. वरून जसं येतं तसं वाजतं." माझ्याच वाक्याने माझ्या अंगावर काटा आला.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "घड्याळाकडे तर तू बघत असतोस. ते पण वरून येतं का?" ती शहापूरच्या एका शाळेत शिकवते आणि घरातही वह्या तपासल्यासारखं बोलते. मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही.

आमच्याकडे प्रवचनाच्या आधी साक्ष असते. ज्याला बोलायचं असेल त्याने उभं राहायचं, देवाने आठवडाभरात काय केलं ते सांगायचं आणि आपलं काही मागणं असेल तर ते मंडळीपुढे ठेवायचं. मी आलो तेव्हा सगळे नुसतं मागतच होते. याचा गुडघा, त्याचं रेशनकार्ड, हिच्या भावाचं लग्न. तासभर रडगाणं चालायचं. मी शिस्त लावली. आधी आभार, मग मागणं. ही शिस्त मी कुठून उचलली ते वेगळं सांगायला नको. तिच्यासोबत मी एक वचनही दिलं, की उभं राहून मंडळीत केलेलं मागणं आम्ही वाऱ्यावर सोडणार नाही, हातून होण्यासारखं असेल तर पुरं करू. ते आम्ही पाळायचोही. माझ्या गाडीतून कुणी दवाखान्यात गेलं, कुणी दाखल्यासाठी तहसील कचेरीत जाऊन आलं. बायकोने किती जणींना सोबत केली असेल कोण जाणे.

आणि कुणी फार लांबण लावली तर मी वाजवता वाजवता शेवटाकडे यायचो. गाणं संपताना एक सूर असतो, तो लागला की गाण्याशी काही देणंघेणं नसलेल्या माणसालाही कळतं की झालं आता. मी तो लावायचो, थोडा धरायचो आणि हात उचलायचो. बोलणारा आपोआप खाली बसायचा. त्याला कुणी अडवलं असं वाटायचं नाही, मला वाईटपणा घ्यावा लागायचा नाही. लोकांनीच त्याला 'बसायचा सूर' असं नाव ठेवलं. सातव्या मजल्यावर मला असा एक पियानो मिळायला हवा होता.

मावशी डोळखांबच्या बाजूच्या एका गावातून यायची. शेतकऱ्याघरची, साठीच्या पुढची, विधवा. मुलगा कसाऱ्याला हायवेच्या कामावर, घरात सून. दाराशी तुळस, भिंतीवर देव, त्यातलं काहीही तिने कधी बदललं नाही आणि मीही त्याबद्दल बोललो नाही. ती शेअर रिक्षात बसून यायची, चपला जोडीने बाहेर ठेवायची आणि दुसऱ्या रांगेत भिंतीला लागून बसायची. साक्षीची वेळ झाली की पहिली तीच उभी राहायची.

बाकीचे माझी शिस्त तोंडदेखली पाळायचे. "पाऊस बरा झाला, आभार," एवढं म्हणून झटकन गुडघ्यावर यायचे. मावशीने ती शिस्त मनापासून घेतली होती. आधी आभार म्हणजे सगळ्याचे आभार, काही राहता कामा नये. "म्हशीला रेडी झाली, त्याचा आबार मानते. बोरिंगला पानी हाय, त्याचा आबार. पोऱ्याला कामावर रोज घेतात, त्याचा. सुनंचा हात भाजलेला, तो सुकला. शेजारनीनं काकडी दिली. येताना रिक्षात जागा गावली." डोळे मिटलेले, दोन्ही हात पोटाशी, एकेक गोष्ट सावकाश. मध्येच एखादी गोष्ट मागच्या रविवारी सांगितली की नाही हे आठवत ती थांबायची, आणि खात्री नसेल तर पुन्हा सांगायची.

मला तिचा कंटाळा यायचा. कंटाळा कसला, चीड यायची. ती काकडी, ती रिक्षातली जागा! मी तिच्याखालून इतकं सुंदर काहीतरी बांधत आणायचो आणि ती त्यावर म्हैस आणून उभी करायची. काकडीच्या आसपास कुठेतरी मी वळायचो, बसायचा सूर लावायचो आणि मावशी वाक्याच्या मध्यावर तोंड मिटून खाली बसायची. एकदाही ती रेंगाळली नाही. मला तिचं हे एक मात्र आवडायचं.

बायको एकदा म्हणाली, "तिला पुरं बोलू दे की एकदा. तिच्या चेहऱ्यावरून वाटतं, तिला अजून काहीतरी सांगायचं असतं."

"तिचं गुऱ्हाळ असंच सुरू राहिलं तर प्रवचन सोमवारी करावं लागेल," मी म्हणालो. माझा विनोद मलाच आवडला. हा विनोद मी पुढे आणखी दोघा-तिघांना ऐकवला.

एका सुगीपासून दुसऱ्या सुगीपर्यंत हे असंच चाललं. भात कापून झालं, आणि मावशी यायची बंद झाली. पहिल्या रविवारी मी सुटकेचा निःश्वास सोडला. दुसऱ्या रविवारी सगळं कसं वेळेवर आटपलं. तिसऱ्या रविवारी बायकोने मला गाडीत बसवलं, आणि स्वतः चालवत मावशीच्या गावाला घेऊन गेली.

सून अंगणात भात वाळत घालत होती. हातातलं काम तिने सोडलं नाही. भात पायाने पसरत पसरतच सांगितलं. मावशीच्या छातीत गाठ होती. ती फुटली तेव्हा घरात कळलं. मुलाने आधी शहापूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं, तिथून मुंबईला. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता उशीर झालाय, घरी न्या.

"गाठ कधीपासून होती?" बायकोने विचारलं.

"गेल्या सुगीपासून. मला आता बोलली."

"आणि कुणालाच सांगितलं नाही?"

सुनेने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "आपल्या पोऱ्याला कशी सांगंल? लाज वाटायची. मला बी नाय बोलली. बोलायची, मंडळीत सांगीन, मंग सायबांची बायको येल माज्यासंगती. तुमी मागना पुरा करता ना. दर रविवारी जाताना ठरवून जायची. आन् आल्यावर गप."

मी दारातच उभा राहिलो. माझ्या डोक्यात ते सगळे रविवार भराभर उलगडत गेले: म्हैस, बोरिंग, पोऱ्या, सून, काकडी, आणि त्यापुढे मी कधी जाऊच दिलं नव्हतं. आधी आभार, मग मागणं. तिच्या मागण्याची पाळी वर्षभरात एकदाही आली नव्हती.

आत मावशी खाटेवर होती. अर्धी उरली होती. खोलीत औषधाचा आणि औषधाने न झाकलेला असा एक वास होता. मला बघून तिला आनंद झाला, हे मला आजही सहन होत नाही. तिने सुनेला चहा टाकायला लावलं. मग मला म्हणाली, "सायेब, तुमी वाईट वाटून घेऊ नका. मी सांगाया उभी राहायची, पन तो बसवायचा."

"कोण?"

"तोच, वरचा. तुमीच सांगितला ना, तुमची बोटा कुटं वळवायची ता तो ठरवतो. माजा मागना तोंडापाशी आला, का तो बसायचा सूर लावायचा. दर येळी. मंग मी समजली, त्याला ठाव हाय, आन् त्याचा नाय म्हनना हाय. तो नाय बोलला तर आपन काय करनार?" ती हसली. "येक बरा हाय. मला त्यानं सोताहून सांगितला. कोनाला येवडा सांगतो?"

ती निवांत होती. मी खूप मरणारी माणसं बघितली आहेत. इतकी निवांत थोडीच. तिने त्या वर्षाचा स्वतःसाठी एक अर्थ लावला होता आणि तो पांघरूण घेतल्यासारखा घेऊन ती पडली होती. मी फक्त गप्प बसायला हवं होतं. चहा प्यायचा, तिच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि निघायचं. कुठल्याही गावातली कुठलीही शहाणी बाई गप्प बसली असती.

मी म्हणालो, "मावशी, तो सूर देवाचा नव्हता."

बायकोने माझा दंड धरला. मी तो सोडवून घेतला.

"मंग कोनाचा?"

"माझा. मी ठरवून वाजवायचो. तुमचं बोलणं लांबायचं आणि मला उशीर व्हायचा. माझं चुकलं. मला माफ करा."

हे मी का बोललो, याची माझ्याकडे अनेक चांगली कारणं आहेत. खरं बोलावं, तिला फसवू नये, देवाच्या नावावर आपलं पाप खपवू नये. सातव्या मजल्यावरही आम्ही म्हणायचो, खरं सांगणं हाच समोरच्याचा मान. पण त्या क्षणी माझ्या छातीवर जे ओझं आलं होतं ते मला एक मिनिटसुद्धा पेलवत नव्हतं. ते मी उचललं आणि त्या खाटेवर ठेवलं. बोलून झाल्यावर मला खरंच हलकं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

मावशीने आढ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मंजे त्याला कोनी सांगितलाच नाय?"

"तो सगळं ऐकतो, मावशी. न बोललेलंही ऐकतो." माझा आवाज खाली आला होता, मऊ झाला होता. तोच, सातव्या मजल्यावरचा आवाज. मला तो ओळखू आला.

"न बोलता आयकतो, तर मंग आमाला उभा कशाला करायचात?"

सून चहा घेऊन दारात आली होती. मावशीने भिंतीकडे तोंड केलं आणि भिंतीलाच सांगितल्यासारखं बोलली, "मंग वरीसभर मी तुमच्यासाटी बसली."

परत येताना बायको गाडी चालवत होती. शेणवा मागे पडला. मग ती म्हणाली, "ऑफिसात त्यांना निदान पाणी तरी द्यायचास."

पुढचे काही दिवस बायको एकटीच जात राहिली. ती येऊन सांगायची. मावशी आता निवांत नव्हती. दुखतं म्हणून ओरडायची, आधी ओरडत नव्हती. मुलाला, सुनेला, बघायला येणाऱ्यांना एकच विचारायची, आयकला असंल काय? सुनेने बायकोला म्हटलं, "सासू सुखानं जात होती. तुमच्या सायबाला काय गरज पडलेली?" बायकोने तो निरोप एकही शब्द न गाळता माझ्यापर्यंत पोचवला.

मग मला एक कल्पना सुचली. माझ्या सगळ्या कल्पना अशाच चांगल्या असतात. घरात सेलवर चालणारा एक छोटा कीबोर्ड होता. तो घेऊन आणि मंडळीतल्या चार जणांना सोबत घेऊन मी दुपारी मावशीकडे गेलो. बायको म्हणाली, जाऊ नकोस. मी तिला म्हणालो, मला हे दुरुस्त करायचंय. मी कीबोर्ड मांडीवर घेऊन खाटेजवळ बसलो, हळूहळू वाजवायला लागलो आणि म्हणालो, "मावशी, ही मंडळीच आहे असं समजा. आज तुम्ही बोला. मी थांबवणार नाही."

तिने मान वळवली. डोळे खोल गेले होते, पण ती पुरती शुद्धीवर होती. "काय बी मागितला तर चालल?"

"काहीही मागा."

"आन् तुमी पुरा करनार?"

"आमच्या हातून होण्यासारखं असेल तर नक्की."

मला भीती होती, ती बरं करायला सांगेल. मी त्यासाठी मनात काही गोड वाक्यं जुळवून ठेवली होती. तिने नेहमीसारखे दोन्ही हात पोटाशी घेतले आणि डोळे मिटले. मी म्हशीची वाट बघत होतो.

"आज आबार नाय," मावशी म्हणाली. "मागनाच हाय. ह्या सायबाला माज्या दारात पुन्ना आनू नको."

माझी बोटं हलली. इतक्या रविवारांची सवय, ती वळली आणि त्यांनी बसायचा सूर लावला. मी तो लावला नाही, असं मला इथे लिहायला आवडलं असतं.

मावशीने डोळे उघडले. "माजा झाला नाय अजून," ती म्हणाली. मी हात उचलले. तिने दम घेतला, पुन्हा डोळे मिटले आणि मागणं पुरं केलं. "मेल्यावर बी नको."

नऊ दिवसांनी ती गेली. बायकोला सकाळी फोन आला. ती मंडळीतल्या बायकांना घेऊन गेली, सुनेजवळ बसली, त्यांच्या रीतीप्रमाणे सगळं होईपर्यंत थांबली आणि उन्हं उतरल्यावर परत आली. मी दिवसभर प्रार्थनाघरात होतो. पियानोच्या पोटातला बल्ब गेला होता, तो बदलला. बाकी काही केलं नाही.

मंडळीत अजून बोलतात की पास्टर मावशीच्या मयताला गेले नाहीत. शेणव्यातही बोलतात. एकाने तोंडावर विचारलं, इतका कसला माज? मी कुणाला काही सांगत नाही, त्या दुपारी सोबत असलेल्या चौघांनाही बोलू नका म्हणून सांगितलंय. वर्षभर ती दर रविवारी उभी राहिली, पण तिचं एकच मागणं मी शेवटपर्यंत ऐकलं, आणि ते पुरं केलं.